जो नाय त्याचा वाटा

आमच्या वाडीत माझ्यासारखा सरळ वाटा घालणारा माणूस दुसरा नाय. आता वाडीच नाय, ती गोष्ट वेगळी.

खेकडे असूदेत, ओढ्यातले मासे असूदेत, पोळ्यातला मध असूदे. रानातून काय बी आलं का मला हाक. पळसाची पानं मांडायची, घराला एक पान, आणि घालायचे वाटे. मोठा खेकडा हिकडं पडला तर तिकडं दोन बारके. माझ्या वाट्याला आजवर कोण बोट लावून बोलला नाय का हा कमी हाय. दुसरं मला काय येत नाय. शाळेत दोन दिस गेलो, तिसऱ्या दिवशी मास्तर बोलला येऊ नको, मी बोललो बरं झालं. घर बांधलं ते वाकडं. बायको केली ती माझ्यापेक्षा हुशार, तिथं तर पुरता फसलो. पण वाटे सरळ.

त्याच वाट्यांपायी मला एका लग्नाच्या हॉलात, स्टेजवर, सगळ्यांच्या समोर तोंड उघडायला लावलं.

"तोंड उघड," डॉक्टर बोलला.

उघडलं.

"जीभ वर कर. आता बाहेर. डावीकडे. अजून."

आत बॅटरी मारली त्यानं. गोळी गिळली का गालात लपवली ते बघत होता. हातात रबरी मोजे. त्या मोज्याच्या बोटानं माझा गाल ताणून धरला. बाजारात बैलाचे दात बघतात, तसं. बैलाचं एक बरं असतं, दात बघून झाले का गिऱ्हाईक त्याच्या पाठीवर हात तरी फिरवतं. यानं मोजे काढले आणि बादलीत टाकले.

खाली संस्थेची पोरं-पोरी मोबाईल धरून हसत होती. मी पण हसलो. जीभ बाहेर ठेवून हसलो. मला वाटलं मी लय भारी काम करतोय. असा मी.

आता हे कसं झालं ते सांगतो.

पावसात डोंगर खाली आला. वाडीच्या वरचाच डोंगर, ज्याच्यावर आमी लाकडं तोडायला, मध काढायला जायचो. चार घरं आत गेली, माणसांसकट. त्यातलं एक माझ्या भावाचं. काळू नाव त्याचं. त्याच्याबद्दल मी जास्त बोलत नाय. बोलायला गेलो का मला मस्करी सुचते आणि मग माझी मलाच लाज वाटते.

राहिलेल्यांना ट्रकात घातलं आणि खाली आणलं, समुद्राकडं. मांडव्याच्या रस्त्याला एक लग्नाचा हॉल हाय. पावसात लग्नं नसतात, हॉल रिकामा. तिथं उतरवलं. भिंतीला प्लॅस्टिकची फुलं, वर चकचकीत झुंबर, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या. राजाराणीच्या असतात तशा. मी पयल्याच दिवशी बसायला गेलो, तर वॉचमन धावत आला. "ए, उठ. तिच्यावर बसायचं नाय. डिपॉझिट भरल्याबिगर कोण बसत नाय." मी उठलो. बोललो, बाबा, मी माझ्या लग्नात गोणपाटावर बसलेलो, माझं काय अडलं नाय.

वाडी सगळी खाली लादीवर. ज्या माणसाचं घर गेलंय त्याला लादी लय गार लागते.

शनिवारी संस्था आली. मुंबईची. बोटीनं मांडव्याला उतरायची, तिथून गाडीनं हॉलात. त्या लोकांचे हिकडं किनाऱ्याला बंगले हायत, शनिवार-रविवार येतातच, तर येता येता आमाला तपासून जाऊ, असा तो हिशोब. मोठा डॉक्टर आला तो सरळ स्टेजवर चढला आणि मखमलीच्या खुर्चीत बसला. वॉचमननं त्याच्याकडं डिपॉझिट मागितलं नाय. उलट खुर्ची फडक्यानं पुसली.

त्याच्याबरोबर एक मॅडम होती. कोऑर्डिनेटर मॅडम. कोऑर्डिनेटर म्हणजे काय ते मी तिला विचारलं. ती बोलली, "काका, मी सगळ्यांना जोडून देते. तुम्हाला, दवाखान्याला, डॉक्टरांना." मला बरं वाटलं. नंतर कळलं का जोडायचं म्हणजे हिला सांगितलं का ती तिकडं फोन लावणार, तिकडचा बोलणार हे आमचं काम नाय, मग ती आपल्याला सांगणार का त्यांचं काम नाय. येवढ्यासाठी तिला बोटीनं यायला लागायचं.

तपासणी म्हणजे काय, तर लायनीत उभं राहायचं. वजन करायचं, डोळं ताणून बघायचं, छातीला नळी लावायची. आणि माईक. डॉक्टर वरून माईकवर विचारायचा आणि आमी खालून वरडून सांगायचं. बाईमाणसाला पाळी कधी आली तेपण माईकवर. एकेका बाईनं मान खाली घातली ती वर केली नाय. तपासून झालं का अंगावर स्टिकर. लाल म्हणजे अलिबागला न्यायचा, पिवळा म्हणजे परत बघायचा, हिरवा म्हणजे बरा. माझ्या अंगात शर्ट नव्हता, शर्ट डोंगराखाली होता. मॅडमनं स्टिकर छातीवरच चिकटवला, केसांवर. हिरवा. घर गेलेलं, भाऊ गेलेला, दोन दिस पोटात नीट काय नव्हतं, तरी हिरवा. मी बोललो, मॅडम, मी येवढा बरा हाय ते मला माहीतच नव्हतं. ती हसली. स्टिकर काढताना केस निघाले.

माझ्या बायकोला लाल लागला.

सोमी नाव तिचं. तिला टीबी. डोंगर यायच्या आधीच औषध चालू झालेलं, डोंगराकडच्या सरकारी दवाखान्यातून. लाल लाल गोळ्या, रोज घ्यायच्या, एक दिस चुकवायचा नाय, असं तिथल्या सिस्टरनं तिच्या डोक्यात बसवलेलं. औषध अर्ध्याच्या वर झालेलं. खोकला थांबलेला, अंगाला मांस लागायला लागलेलं. गोळ्यांचा डबा चुलीच्या वरच्या फळीवर असायचा. आता फळी, चूल, सगळं मातीत.

सोमीनं हे सगळं डॉक्टरला सांगितलं. खालून वरडून सांगितलं, कारण वरून तसंच विचारलं. डॉक्टर माईकवर बोलला, "टीबीची पेशंट. जुने पेपर आहेत?"

"डोंगराखाली हायत," सोमी बोलली.

"मग पहिल्यापासून तपासावं लागेल. छातीचा फोटो काढून आणा."

मी पुढं झालो. बोललो, साहेब, त्या दवाखान्यात फोन लावा ना, सिस्टर सांगंल. डॉक्टरनं मॅडमकडं बघितलं. मॅडम बोलली, "काका, मी कोऑर्डिनेट करते." झालं.

तेव्हापासून वॉचमननं सोमीला पाण्याचा गिलास वेगळा केला. माईकवर ऐकलेलं ना त्यानं. आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत होतं तिला काय हाय ते, कोणी गिलास वेगळा केला नव्हता.

तर सोमीला छातीच्या फोटोला गाडीत घालून अलिबागला नेली. आणि त्याच दुपारी मॅडम एक मोठी पिशवी घेऊन आली. घाईत होती, बोट सुटायची होती. पुढं कोण उभा? मी. मी सगळीकडं पुढंच उभा असतो, त्याचं काय घेऊन बसलात. पिशवी माझ्या हातात दिली. बोलली, "काका, ही तुमच्या वाडीची औषधं. सगळ्यांना द्या हं." आणि गेली. पिशवीला हात लागला तवा तिचा एक पाय गाडीत होता.

कोणती गोळी कोणाची, कशाची, कधी, ते काय नाय. वाडीची औषधं. सगळ्यांना द्या.

आता तुमीच सांगा. वाडीचं असलं, सगळ्यांना द्यायचं असलं, तर माणूस काय करणार? वाटे घालणार.

पळसाची पानं तिथं नव्हती. हॉलाच्या मागच्या गोदामात लग्नातल्या पत्रावळी पडलेल्या, त्या आणल्या. लादीवर मांडल्या. घराला एक. आमच्यात वाटा घालताना घराचं नाव घेऊन घालायचा, मी नाव घेत गेलो आणि घालत गेलो. पांढऱ्या गोळ्या, पिवळ्या गोळ्या, लाल गोळ्या, चॉकलेटी गोळ्या. सगळ्या रंगाच्या सगळ्यांना. कुठल्या कमी पडल्या तिथं बाटलीतलं टोपणभर औषध जास्त. लय सुंदर वाटे पडले. हिरूबाबा, आमच्यातला सगळ्यात म्हातारा, तो बोलला, "येवढं सारखं तर सरकारला पण जमत नाय." मी फुगलो.

आमच्यात अजून एक हाय. जो हजर नाय त्याचा पण वाटा. कोण गावाला गेलाय, कोण आजारी हाय, कोण भट्टीवर कामाला गेलाय, त्याचा वाटा बाजूला. सोमी अलिबागला होती, तिचा वाटा ठेवला. आणि हात चालू होता, नावं तोंडात होती, सवय होती. चार वाटे जास्त पडले. माझ्या तोंडून काळूचं नाव गेलं तवा कळलं. मी ते उचलले नाय. घातलेला वाटा मागं घेत नायत. पत्रावळी तशाच भिंतीला लावून ठेवल्या.

लोकांनी आपापलं खाल्लं. औषध हाय, तपासून दिलंय, मुंबईचं हाय, चांगलंच असणार.

सकाळी हॉलाच्या मागं, कुंपणाला, आख्खी वाडी लाल मुतली.

हसू नका. म्हणजे हसा, मीपण हसतो आता. पण त्या टायमाला बघायला पायजे होतं. एक माणूस वरडला, मग दुसरा, मग बायकांच्या बाजूनं आरडाओरडा. मी बघितलं तर माझीपण लाल. मला वाटलं संपलो. हिरूबाबा डोक्याला हात लावून खाली बसला, बोलला, "डोंगराचं मन भरलं नाय. आपल्या मागं हितपर्यंत आला." बाया रडायला लागल्या. कोण बोललं नारळ द्या, कोण बोललं कोंबडं द्या. मी बोललो माझ्याकडं नारळ नाय, कोंबडं नाय, मी हिरवा स्टिकर देतो.

आवाज ऐकून सोमी बाहेर आली. ती आदल्या दिवशी लय उशिरा आलेली, येऊन तशीच झोपलेली. तिनं कुंपणाकडं बघितलं, आमच्या तोंडाकडं बघितलं.

"कोणी लाल गोळी खाल्ली?" ती बोलली.

सगळ्यांनीच.

"अरे मुडद्यांनो," ती बोलली, "त्या गोळीनं मूत लालच होतं. मला पयल्या दिवसापासून होतंय. ती माझी गोळी हाय."

आणि माझ्याकडं बघितलं. वाडीत दुसरं कोण वाटे घालत नाय ते तिला माहीत हाय.

मग वॉचमनकडनं, जीपवाल्याकडनं सगळं उलगडत गेलं. डोंगराकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरला आपणहून आठवण झालेली. आपली सोमी कुठं असंल, तिच्या गोळ्या चुकत असतील, म्हणून तिनं सोमीच्या नावाचं पाकीट करून सरकारी जीपबरोबर पाठवलेलं. ते पाकीट मॅडमच्या हातात पडलं. मॅडमनं ते जोडून दिलं. फोडून त्या पिशवीत जोडून दिलं. ताकदीच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, तापाच्या गोळ्या आणि माझ्या बायकोचा जीव, सगळं एका पिशवीत.

आणि मी त्याचे सरळ वाटे घातले.

पोरांना उलट्या झाल्या, दोघातिघांना चक्कर आली, बाकी निभावलं. पण सोमीची औषधं गेली. तिच्या वाट्याला आलेल्या लाल गोळ्या तिनं ओंजळीत घेतल्या. मूठभर पण नाय. मग ती भिंतीकडं गेली. भिंतीला त्या चार पत्रावळी तशाच होत्या. त्यांना कोण हात लावणार? ज्यांच्या होत्या ते डोंगराखाली. तिनं वाकून एकेक लाल गोळी वेचली. काळूच्या पत्रावळीतली सगळ्यात शेवटी.

त्या गोळ्यांवर ती पुढचे दिवस चालली. मी विनोद करायला तोंड उघडलं होतं, तिनं नुसतं बघितलं, मी ते मिटलं.

पुढच्या शनिवारी संस्था परत आली. त्यांना वॉचमननं सगळी गोष्ट सांगितलेली. डॉक्टर खुर्चीत बसला आणि माईकवर बोलला, "कोण तो वाटे घालणारा?"

आता शहाणा माणूस काय करंल? गप बसंल. मी हात वर केला.

मला वर बोलावलं. "सांग, काय केलंस." मी सांगितलं. कशा पत्रावळी मांडल्या, कसे रंग लावले, सकाळी कुंपणाला काय झालं, हिरूबाबा कसा बसला. मला गोष्ट सांगायला येते. हॉल हसून हसून पडला. डॉक्टरच्या डोळ्यात पाणी आलं. मॅडमनं मोबाईल धरला आणि बोलली, "काका, परत एकदा, ते लाल लघवीचं." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा पण सांगितलं.

हिरूबाबाकडं मी बघितलं नाय. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

हसून झाल्यावर डॉक्टर संस्थेच्या लोकांना बोलला, "बघितलंत? या लोकांच्या हातात औषध देता येत नाही. आजपासून गोळी आपण तोंडात घालायची आणि गिळली की नाही बघायचं." आणि पयला मलाच घेतला. ते तोंड उघडणं, जीभ, बॅटरी, ते मी वर सांगितलं. मग आख्खी वाडी एकेक करून स्टेजवर. म्हातारी माणसं. हिरूबाबाचं तोंड उघडलं तर आत दात नाय, पोरं हसली. सोमीनं तोंडावर पदर धरलेला, डॉक्टर बोलला, "पदर काढ." तिला त्या दिवशी कसली गोळी दिली? ताकदीची. तिची लाल गोळी? "मागवली आहे. कोऑर्डिनेट करतोय."

पिशवी कोणी दिली ते एकानं पण विचारलं नाय. चूक बोटीनं आली, बोटीनं गेली. तोंड आमाला उघडायला लागलं.

त्या आठवड्यात सोमीच्या वेचलेल्या गोळ्या संपल्या. शेवटची घेतली तवा ती हसली, बोलली, "काळूभावजींनी आणून पोचवलं हितपर्यंत. आता पुढं मी." दोन दिवसांनी खोकला परत आला. बारका. ती पदरात खोकायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू यायचं.

मी मॅडमला फोन लावायला वॉचमनच्या हाता-पाया पडलो. मॅडम फोनवर बोलली, "काका, गोळ्या आल्यात, माझ्याकडेच आहेत. शनिवारी आणते. या शनिवारी मोठे पाहुणे आहेत, त्यांच्या समोर सोमीताईंना देऊ. आणि तुम्ही ते वाटे करून दाखवा ना. सगळ्यांना खूप आवडलं." मी बोललो, गोळ्या आज पाठवता नाय येणार? बोलली, "दोन दिवसांनी काय होतंय?"

मी हो बोललो. गोळीसाठी बोललो, हे आता सांगायला बरं वाटतं. खरं सांगू? थोडं आवडलेलं पण होतं मला. येवढी माणसं माझ्यावर आजवर हसली नव्हती.

शनिवार आला. पाहुणे आले. पांढरे कपडे, अंगाला अत्तर. पुढं खुर्च्या, आमी मागं लादीवर. मॅडमनं केळीची पानं आणलेली. "पत्रावळीपेक्षा हे छान दिसतं." गोळ्यांच्या जागी पेपरमिंट, लाल आणि पांढऱ्या. मी संस्थेनंच दिलेला शर्ट घालून तयार. मॅडम जवळ आली, हळू बोलली, "काका, शर्ट काढा ना. ओरिजिनल वाटेल."

काढला.

तिनं एक हिरवा स्टिकर काढला आणि परत छातीवर चिकटवला.

मी पानं मांडली. नाव घेत पेपरमिंट घालायला लागलो. पाहुणे हसायला लागले, मी अजून रंगलो. हा हिरूबाबाचा, हा रामीचा, हा सोमीचा, ती अलिबागला फिरायला गेलीय! हशा. हात चालू होता. नावं चालू होती. आणि परत तसंच झालं. चार पानं जास्त. शेवटच्याला मी बोललो, "हा काळूचा," आणि हात थांबला.

पुढच्या खुर्चीतली एक पाहुणीबाई बोलली, "आणि हे चार एक्स्ट्रा कोणाचे?"

मॅडम माईकवर हसली. "काकांना मोजता येत नाही ना!"

सगळा हॉल हसला. मी सवयीनं दात काढले. मग खाली बघितलं. लादीवरचं कोण हसत नव्हतं. एकपण नाय. हिरूबाबा माझ्याकडं बघत होता. तो रागानं नाय बघत होता. रस्त्यात कोणाचं धोतर सुटलं तर आपण कसं बघतो, तसं.

तेवढ्यात सोमी उठली. पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मधनं चालत आली, स्टेजवर चढली, मॅडमच्या समोर हात पसरला.

"माझ्या गोळ्या."

"ताई, एक मिनिट, आधी फोटो—"

"माझ्या गोळ्या."

मॅडमनं पर्समधनं पाकीट काढलं. सोमीनं ते तिच्या हातातून घेतलं, फोडलं, गोळ्या तोंडात टाकल्या, कमरेची बाटली काढून पाणी प्याली. डॉक्टर खुर्चीतनं बोलला, "हां, आता तोंड उघडा."

"नाय उघडत," सोमी बोलली.

येवढंच. आणि तिथंच उभी राहिली.

मग मला कंठ फुटला. मग म्हणजे तिच्यानंतर, हे ध्यानात ठेवा. मी माईक घेतला. बोललो, "मोजता येतं मला. वाटे बरोबर हायत. माणसं कमी झालीत. हे चार डोंगराखाली हायत. तुमी फोडलेल्या पाकिटातल्या गोळ्या त्यांच्या वाट्याला राहिल्या, म्हणून ही बाई आज उभी हाय. तुमच्या गाडीवर नाय, तुमच्या बोटीवर नाय. मेलेल्या माणसांनी हिचं औषध सांभाळलं आणि तुमाला दोन दिवस सांभाळता आलं नाय. तुमाला फोटो पायजे होता."

छातीवरचा स्टिकर काढला. केस निघाले. तो डॉक्टरच्या खुर्चीच्या मखमलीवर चिकटवला.

मग मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. नवरीच्या. बसलो तवा ती नवरीची हाय ते कळलं नाय. टेबलावरची बॅटरी उचलली, डॉक्टरच्या तोंडावर मारली आणि बोललो, "साहेब, तोंड उघडा. जीभ वर. डावीकडं."

कोण हसलं नाय आता. आमच्यातलं पण नाय.

डॉक्टर उठला, मॅडमला इंग्लिशमधी काय तरी बोलला आणि खाली उतरला. मॅडमचे डोळे भरले. मला बोलली, "काका, आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो आणि तुम्ही असं? आता इथे कॅम्प होणार नाही. गाडीपण येणार नाही." मी बोललो, तुमच्यासाठी तुमीच करता, आमी नुसते उघडे उभे राहतो. पाहुणीबाई जाता जाता दुसरीला बोलली, "सो सॅड." पेपरमिंट आमच्या पोरांनी खाल्ल्या. केळीची पानं वॉचमनच्या म्हशीनं.

गाडी खरंच आली नाय. सोमवारी मी आणि सोमी चालत सरकारी दवाखान्यात गेलो. रस्त्याला धरून सरळ गेलं का येतो. येवढे दिवस आमाला कोणी सांगितलं नव्हतं का हितं पण हाय. तिथल्या सिस्टरनं सगळं ऐकलं, सोमीला समोर बसवली, डोंगराकडच्या सिस्टरला आमच्या समोर फोन लावला. एक फोन. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. मग कोणत्या गोळीनं काय होतं, किती दिस राहिले, चुकलेल्या दिवसांचं काय करायचं, ते सोमीला सांगितलं. हळू सांगितलं, बाजूच्या बाकड्यावरच्याला पण ऐकू गेलं नाय. पाकीट पुढं केलं तवा मी हात लांबवला. ती बोलली, "तुम्ही नाही. त्यांच्या हातात."

आता आमचं ठरलंय. वाडीनं बसून ठरवलंय, हिरूबाबा पण होता, तो बोलला बऱ्याच दिवसांनी. अजून संस्था येतील, पाऊस हाय तवर येतील. आल्या तर येऊदेत. पण स्टेजवर कोण चढणार नाय, आमच्यातला नाय, त्यांच्यातला नाय. ज्याला तपासायचंय त्यानं लादीवर बसायचं, जिथं आमी बसतो तिथं. माईक बंद. अंगाला काय चिकटवायचं नाय. गोळी कोणाची, कशाची, ते त्या माणसाच्या तोंडाकडं बघून सांगायचं, मग हात लावू. मोबाईल वर झाला का उठायचं, सगळ्यांनी, म्हाताऱ्यांनी पण. आणि मी त्यांना हसवणार नाय. माझ्या लोकांना हसवीन, मरेपर्यंत हसवीन. त्यांना एकदापण नाय. तुमची औषधं नको असं नाय. औषध आमच्या हक्काचं हाय, ते घेणार. पण दात दाखवून घेणार नाय.

ठरलं त्या दिवशी जेवताना मी लादीवर बसून हे सगळ्यांना सांगत होतो. जरा चढवून सांगत होतो. मी कसा माईक हिसकला, मी कसा खुर्चीत बसलो, त्या मोठ्या डॉक्टरला मी कसं सांगितलं का तोंड उघड, जीभ वर, डावीकडं. उभं राहून, हातात चमचा धरून, बॅटरी म्हणून.

सोमी माझ्या पुढ्यातली ताटं गोळा करत होती. ती थांबली.

"उघडलं का त्यानं?"

मी बोललो, नाय.

"मग नाचतोस कशाला? बस खाली."